वीस पॉइंट बोल्ड

१६ मार्च १९९७, रविवार. सकाळी ९

आजपासून रोजनिशी. कारण आज घरात कम्प्युटर आला. फोर-एटी-सिक्स, आठ एमबी रॅम, चौदा इंची रंगीत मॉनिटर. आमच्या गल्लीत पहिला. बहुतेक नागपूरच्या अख्ख्या जरीपटक्यात पहिला. मार्केटमधल्या दुकानांतले मी धरत नाही, ते धंद्याचे. हा घरचा. आत पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं मांडायचा प्रोग्राम, टाकून दिला आहे. त्याचा दहा दिवसांचा क्लास मी धरमपेठेत केला. सात दिवस गेलो. शेवटचे तीन दिवस हुशार माणसाला लागत नाहीत.

संध्याकाळी

मामाजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, बैठक. धाकट्या मेव्हणीचं, नंदिनीचं, लग्न ठरलं. ११ मे. मुलगा रोशन, शांत आहे, चहात बिस्किट बुडवतानाही विचारून बुडवतो. मामाजी म्हणाले, पत्रिका ताराचंदकडे देऊन टाकू, नेहमीसारखी. मी उभाच राहिलो. पत्रिका मी करणार, म्हटलं. कम्प्युटरवर. माझी बायको जया शर्ट मागून ओढून राहिली होती. मामाजी म्हणाले, बरं, करा.

जिंकलो.

१७ मार्च, सोमवार

ताराचंदबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे मन साफ. ताराचंद गजभिये, माझा साडभाऊ, जयाच्या मोठ्या बहिणीचा, गोपिकाबाईंचा, नवरा. पारशिवनीत त्याचा छापखाना आहे. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे खिळे, काळी बोटं. माझ्या मनात त्याच्याबद्दल काही म्हणजे काही नाही. फक्त एवढंच, की १९८४ साली माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यानं छापली, अन् मामाजी लग्नात पाहुण्यांना मला दाखवायचं सोडून पत्रिका दाखवत फिरले. अक्षरावर बोट फिरवून पाहा म्हणे, कसं उमटलं आहे. नवरदेव मी होतो. वरून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या टायपात ‘सुजाता प्रेस, पारशिवनी’. लग्न माझं, जाहिरात त्याची.

तेरा वर्षं झाली. मी कधीच विसरलो.

आजही मामाजींकडे गेला की कूलरसमोरची खुर्ची त्याची. मला स्टूल.

२३ मार्च, रविवार. दुपारी

कम्प्युटरला गार हवा लागते. क्लासात सांगितलं होतं. म्हणून घरातला कूलर कम्प्युटरच्या खोलीत हलवला. जया म्हणे, कम्प्युटरले कूलर अन् माणसाले पंखा, हे काहून? मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की आत चिप असते, ती तापते. ती म्हणे, मंग पोराइच्या डोक्यात एक एक चिप बसवून आणा. शास्त्राची आवड नाही तिला.

नियम लिहून दारावर लावले. चपला बाहेर. हळदीचे हात बाहेर. शिंक आली तर बाहेर. जयानं जुन्या परकराचं कव्हर शिवून दिलं, त्यावर फुलं आहेत. चालेल.

आठवड्याची प्रगती: ‘नमो बुद्धाय’ टाइप झालं. उरलेलं कार्ड दोन दिवसांचं काम.

३० मार्च, रविवार

दोन दिवस थोडे लांबले.

मामाजींना कार्डाच्या वर पिंपळपान पाहिजे, बोधिवृक्षाचं. क्लिपआर्टच्या फ्लॉपीत डोली, सनई, हसणारा जोकर, बर्फातलं घर, सगळं आहे. पान एकच होतं. ते टाकलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर नमुना काढून अभिमानानं नेला. मामाजी निवृत्त हेडमास्तर. चष्मा वर केला, खाली केला, अन् म्हणाले, प्रेमानंदजी, पिंपळाच्या पानाले पाच टोकं कवापासून फुटले? नंदिनी हसली. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेला कोणी हसतं काय?

मी म्हटलं, ही मॉडर्न स्टाईल आहे. मामाजी म्हणे, ताराचंदकडे पिंपळपानाचा ब्लॉक आहे, मागवून घेऊ.

ब्लॉक! लाकडावर ठोकलेला जस्ताचा तुकडा! कम्प्युटरच्या जमान्यात! घरी येऊन पाणीसुद्धा प्यायलो नाही.

२ एप्रिल, बुधवार

तीन दिवस माऊसनं स्वतः पिंपळपान काढलं. आज जयाला दाखवलं. तिनं विचारलं, लग्नाच्या जेवणात वांग्याची भाजी आहे, हे पत्रिकेत काहून सांगता?

निर्णय: पान नाही. वर मोकळी जागा. मोकळी जागा हीच खरी डिझाईन. ताराचंदला हे कळायला आणखी जन्म लागतील.

५ एप्रिल, शनिवार. हाफ डे घेऊन

आज मुख्य काम. नावं.

मामाजींनी स्वतःच्या अक्षरात यादी दिली. त्यांच्यात पद्धत आहे, मजकूर सगळा वर, निमंत्रकांची नावं शेवटी, वयानं अन् मानानं. काका, मामा, भाऊ, मग जावई. मोठा जावई आधी, धाकटा नंतर. म्हणजे कार्डातल्या शेवटच्या दोन ओळी अशा:

सौ. गोपिका व श्री. ताराचंद गजभिये
सौ. जया व श्री. प्रेमानंद रामटेके

क्रम बदलता येत नाही. हेडमास्तर आहेत, ओळींवर नंबर टाकून दिले आहेत. पण अक्षर किती मोठं घ्यायचं, यावर यादीत एक शब्द नाही. हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या कोणाच्या आलं नसतं.

सगळी नावं चौदा पॉइंट. ताराचंदची ओळ बारा केली. बरी दिसली. दहा केली. आणखी बरी दिसली. नऊवर थांबलो. माणसानं अन्याय करू नये.

माझं नाव सोळा. मग अठरा. मग वीस, बोल्ड. ओळ मोडून दोन झाली. ते वाईट दिसतं. म्हणून ‘सौ. जया व’ हे आठ पॉइंटवर आणलं. एका ओळीत बसलं बराबर. जया घरचीच आहे, समजून घेईल.

पूर्ण कार्ड स्क्रीनवर एकत्र पाहिलं तर अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या राखाडी रेघा दिसतात. ते नॉर्मल आहे. मजकुराच्या खाली मधोमध एक लाल त्रिकोण आला. फॅमिली प्लॅनिंगचं चिन्ह पेजमेकरात कशाला, कळलं नाही. भारतासाठी खास टाकलं असावं. क्लासच्या शेवटच्या तीन दिवसांत असलं काहीतरी शिकवत असतील.

६ एप्रिल, रविवार. रात्री

ताराचंद नागपूरला कागद घ्यायला आला होता, तो घरी आला. न सांगता दारातच चपला काढल्या. नियम वाचले. हात पाठीमागे बांधून कम्प्युटरसमोर उभा राहिला, म्युझियममध्ये राहतात तसा.

विचारलं, खिळे कुठं राहते गा याच्यात? मी हसलो. मी त्याला रॅम समजावून सांगितली. तो मान हलवत होता, पण डोळे स्क्रीनवर. बोटांवर रेघा मोजून राहिला होता. एकदा मोजल्या, परत मोजल्या. मग म्हणे, प्रेमानंद, हे खाली लाल काय व्हय गा? अन् ओळी... मी त्याला तिथंच थांबवलं. म्हटलं, भाऊ, हे शिसं नाही, इथं ओळी मोजायच्या नसतात.

जाताना म्हणे, छापाच्या आधी एकडाव प्रूफ मले दाखव ना गा, दोन मिनिटं लागते. उलटे खिळे वाचणारा माणूस, सुलट वाचायला हात शिवशिवून राहिले त्याचे. मी म्हटलं, बघू. म्हणजे नाही.

जळून राहिला आहे बिचारा. इतका जळून राहिला की कूलरसमोर बसला नाही. कूलर माणसांकडं फिरव गा, म्हणाला. जया लगेच म्हणे, पाहा, भाऊजीले समजते. तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. कम्प्युटर बंद. गल्लीत निळ्या पताका, कोपऱ्यावर शरबत. विहारात कार्यक्रमाची पत्रकं वाटली, ती ताराचंदनं छापलेली, फुकट. लोक म्हणे, वा, काय सुंदर काम. मी चार जणांना सांगितलं की लेझर प्रिंट यापेक्षा तीनशे डॉटनं चांगली असते. एकानं विचारलं, किती डॉट? मी परत सांगितलं. तो शरबत घ्यायला गेला, परत आला नाही.

संकल्प: दुसऱ्याची स्तुती ऐकताना चेहरा सरळ ठेवायचा. जया म्हणे, पोट दुखते काय?

१८ एप्रिल, शुक्रवार

फ्लॉपी घेऊन सीताबर्डीला रितिकाच्या दुकानात गेलो. ती लेझरवर बटर पेपरची प्रिंट काढून देते, त्यावरून ऑफसेटची प्लेट बनते. मुलगी हुशार आहे, पण बोलते फार. तिच्या मशीननं फ्लॉपी उघडलीच नाही. तिनं फ्लॉपीचं झाकण सरकवलं, उजेडात धरलं अन् विचारलं, काका, ही कुठं ठेवत होते? कूलरसमोर, म्हटलं. ती म्हणे, म्हणूनच बुरशी लागली.

ओल्या हवेनं असं होतं म्हणे. हे क्लासात सांगायला पाहिजे होतं. घरी कोणालाही सांगितलं नाही. जयाला तर नाहीच.

२१ एप्रिल, सोमवार. दुपारी

कोरी फ्लॉपी, रुमालात गुंडाळून, खिशात. परत रितिकाकडं. ऑफसेटवाल्यानं सांगितलं होतं, बारापर्यंत बटर पेपर आला तरच छापतो, नाही तर लग्नसराईत आठ मेपर्यंत मशीन रिकामं नाही. सव्वाअकरा झाले होते. रितिका म्हणे, काका, आधी साध्या कागदावर काढून देते, कोणाले तरी वाचाले द्या. मी म्हटलं, मी स्क्रीनवर वाचलं आहे. ती म्हणे, दुसऱ्या कोणाले तरी द्या. सगळ्यांना माझं प्रूफ वाचायची हौस.

बटर पेपर आला. एवढं देखणं काम! मी लगेच खिशातली पट्टी काढली, ताराचंदच्या ओळीवर ठेवली अन् मोजली. बरोबर नऊ पॉइंट. एवढं पाहून गुंडाळी केली. माझं नाव काय पाहायचं, ते वीस पॉइंट बोल्ड आहे, ते दिसल्याशिवाय राहते होय!

पावणेबाराला पोहोचलो. जमलं.

२६ एप्रिल, शनिवार

पाचशे कार्डं आली. सीलबंद गठ्ठे. मामाजींचा नियम, पहिलं कार्ड विहारात ठेवायचं, त्याआधी गठ्ठा फोडायचा नाही. चांगला नियम आहे. उद्या मामाजी विहारात कार्ड सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात, हीसुद्धा त्यांची पद्धत. प्रत्येक नाव. ताराचंद पण येणार आहे.

निळा शर्ट इस्त्री केला. जयानं नवीन साडी काढली आहे. ती आज तीनदा म्हणाली, माह्या लहान बहिणीचं लगन. मी म्हटलं, अन् माझी पत्रिका. कूलर आज तिच्या खोलीत ठेवणार होतो, पण राहून गेलं.

२७ एप्रिल, रविवार

काय लिहू.

वंदना झाली. मामाजींनी गठ्ठा फोडला, पहिलं कार्ड बुद्धमूर्तीसमोर ठेवलं, दुसरं हातात घेतलं. वाचायला लागले. काय आवाज! मी डोळे मिटून ऐकून राहिलो होतो. काका आले. मामा आले. भाऊ आले. सौ. गोपिका व श्री. ताराचंद गजभिये. इथं मी छाती थोडी पुढं काढली.

मामाजी थांबले. कार्ड उलटलं. मागं कोरं. परत सुलटं केलं. चष्मा पुसला. मागं एक म्हातारी, पंचफुलाबाई, हळूच शेजारणीला म्हणाली, जयाचं पटत नाही काय घरी? सगळ्यांना ऐकू गेलं. हळूच म्हणाली तरी.

मी गठ्ठ्यातली दहा कार्डं पाहिली. पाचशेची पाचशे तशीच असणार, हे मला कळतं, तरी दहा पाहिली.

जया एवढंच म्हणाली, माह्या बहिणीच्या पत्रिकेत माहंच नाव नाही. ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

ताराचंदकडं मी पाहिलं. हसत असेल तर बरं, असं वाटलं. तो कार्ड हातात धरून खालची कोरी जागा अंगठ्यानं मोजून राहिला होता.

२८ एप्रिल, सोमवार

ऑफिसला दांडी. रितिकाकडं गेलो, भांडायला. तिनं फाईल उघडली, लाल त्रिकोणावर बोट ठेवलं. काका, हा दिसला की समजायचं, मॅटर अजून आत आहे. अक्षर मोठं केलं, मॅटरचा डब्बा तेवढाच राहिला, शेवटची ओळ आत गेली. खाली ओढलं की बाहेर येते. मी विचारलं, हे कोणत्या दिवशी शिकवतात? ती म्हणे, आठव्या.

ऑफसेटवाला म्हणे, आठ मेच्या आधी नाही. दुसरे दोघे तेच म्हणाले.

जयानं स्वयंपाक केला, वाढला, ताट उचललं. कव्हराच्या परकरावर फुलं आहेत ती शेवंतीची आहेत, हे आज लक्षात आलं. तिनं शिवलं तेव्हा पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ताराचंदचा शेजाऱ्यांकडं फोन आला. म्हणे, कार्डं घेऊन ये गा पारशिवनीले. तू खाली जागा सोडलीच आहे बराबर.

ते खरं आहे. जागा मीच सोडली होती.

२९ एप्रिल, मंगळवार

पोत्यात कार्डं, मांडीवर पोतं, एसटीनं पारशिवनी. ठरवून गेलो होतो की तो टोमणा मारेल, मग मी उठून निघून येईन. त्यानं चहा मागवला. टोमणा नाही. अर्धा तास वाट पाहिली.

मग तो खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर उभा राहिला. खिळे न पाहता उचलत होता, तोंडानं माझ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी. मग थांबला अन् विचारलं, प्रेमानंद, नाव किती मोठं पाहिजे गा तुले?

म्हटलं, तुमच्याएवढंच.

त्यानं कार्ड डोळ्याजवळ नेलं, स्वतःची ओळ पाहिली. नुसती पाहिली. पट्टीची त्याला गरज नसते. एक खिळा पुसून परत ठेवला अन् म्हणाला, एवढा बारीक टाइप माह्याकडं नाही गा. चौदा लावतो. तुहं अन् जयाचं सारखंच.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत मशीनचा आवाज खट खट चालू होता. पाचशे वेळा. त्याचा पाय दुखला असेल, पण मी विचारलं नाही.

११ मे, रविवार. लग्न

लग्न छान झालं. रोशननं हार घालतानाही नंदिनीला विचारून घातला.

मंडपात ज्यानं त्यानं कार्डाच्या शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. उमटलं आहे म्हणे कसं. बाकी कार्डाबद्दल एकच माणूस बोलला, वर एवढी जागा काहून सोडली? मामाजी पाहुण्यांना माझ्याजवळ घेऊन आले अन् म्हणाले, हे आमचे धाकटे जवाई, यांचं नाव पाहा कार्डात कसं ठसठशीत आलं आहे.

तेरा वर्षं हेच पाहिजे होतं मला. माझं नाव ताराचंदच्या नावापेक्षा मोठं आहे, अख्ख्या समाजासमोर. मी हसलो असेन. फोटोत दिसेल.

जयानं एक कार्ड पर्समध्ये ठेवलं आहे. बसल्या बसल्या काढून त्या ओळीवर बोट फिरवत होती. मी पाहिलं तसं तिनं परत ठेवलं.

ताराचंद वाढायला उभा होता. लंगडत होता थोडा.

१२ मे, सोमवार. दुपारी

सुट्टी. भिंग काढलं. ताराचंदनं कोपऱ्यात कुठंतरी ‘सुजाता प्रेस, पारशिवनी’ टाकलंच असणार, मुंगीएवढं. तसं सापडलं तर मला रागावता येईल, अन् रागावल्यावर बरं वाटेल. चारी कोपरे पाहिले. मागं पाहिलं. दुसरं कार्ड घेतलं. सात कार्डं पाहिली.

नाही टाकलं.

मग कम्प्युटर लावला. फाईल उघडली. लाल त्रिकोण होता तिथंच होता. रितिकानं दाखवलं तसं धरून खाली ओढलं. माझी ओळ बाहेर आली. एवढे दिवस आतच बसून होती. प्रेमानंद रामटेके, वीस पॉइंट, बोल्ड. एकदम जबरदस्त दिसत होती, खोटं कशाला लिहू.

त्याच्या आधी काहीतरी बारीक होतं. मोठं करून पाहायचं बटण आठवलं नाही. भिंग हातातच होतं, ते स्क्रीनला लावलं, तेव्हा कुठं वाचता आलं. सौ. जया व.

जया बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपली आहे. कूलर एकट्यानं हलत नाही. ती उठली की तिलाच एक बाजू धरायला सांगावं लागेल.